एकाच परड्यात कुत्रं आणि कोंबड्या

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावपासून खानापूर-नंदगडपर्यंत, आणि तिकडं निपाणी-चिकोडीकडंही, घरामागं परडं असलेल्या अनेक घरांत राखणीचं एक कुत्रं आणि पाच-दहा कोंबड्या असतातच. पूर्वी या दोघांचं जमवून द्यायला कुणी बसत नव्हतं. पिल्लू गावातलंच असायचं, दूध सुटायच्या आधीपासून कोंबड्यांच्या पायांत घुटमळायचं. एखाद्या पिल्लंवाल्या कोंबडीनं नाकावर चोच मारली की तिच्या वाटेला जायचं नाही, हे ते आपोआप शिकायचं.

आता दोन्ही बाजू बदलल्या आहेत. कुत्रं शहरातून येतं: लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, नाहीतर मुधोळ. कोंबड्याही घरच्या खुडूक कोंबडीनं उबवलेल्या असतीलच असं नाही. महिनाभराची गिरिराज पिल्लं विकत आणून परड्यात सोडली जातात. गिरिराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली कोंबडी. अंगानं ती भरते चांगली, पण त्याच वजनामुळं गावठी कोंबडीसारखी भुर्रकन भिंतीवर किंवा शेवग्याच्या झाडावर चढून बसू शकत नाही. म्हणजे कोंबड्या कधीच न पाहिलेलं कुत्रं आणि पळून जीव वाचवता न येणारी कोंबडी, असे दोघे एका परड्यात येतात. मग एक दिवस पिसं विखुरतात.

त्यानंतर घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ह्याला आता रक्ताची चटक लागली, हे काही सुधारत नाही." हे वाक्य मला मनापासून खोडून काढायचं आहे, कारण त्यापायी कितीतरी चांगली कुत्री जन्मभर आखूड साखळीला बांधली जातात किंवा लांब नेऊन सोडली जातात. चटक लागते हे खरं, पण ती रक्ताची नसते. ती पाठलागाची असते. एवढं नीट समजलं की पुढचं जवळजवळ सगळं शिकवणं समजतं.

शिकार ही एकच कृती आपल्याला वाटते, पण कुत्र्याच्या अंगात ती तुकड्यातुकड्यांनी येते. आधी नजर खिळते. मग दबा धरून पुढं सरकणं, मग धावणं, मग तोंडात पकडणं, मग झटकून मारणं, आणि शेवटी फाडून खाणं. या साखळीतल्या काही कड्या माणसानं हजारो वर्षांच्या निवडीतून घट्ट केल्या, काही ढिल्या केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या जातींत नजर लावणं आणि मागं धावणं फार पक्कं असतं, मारण्याची कडी ढिली. लॅब्रॅडॉर पडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी घडवलेला, म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट तोंडात घ्यावीशी वाटते. आपल्या गावठी कुत्र्यात सगळ्याच कड्या थोड्याफार शाबूत असतात, पण कोंबड्यांत वाढलं असेल तर कोंबडीपुरत्या त्या झोपलेल्या राहतात.

मुख्य गोष्ट अशी की यातली प्रत्येक कडी कुत्र्याला स्वतःहून सुख देते. धावत सुटलेल्या कोंबडीमागं पळताना त्याच्या मेंदूत जो आनंद उसळतो, तेच त्याचं बक्षीस. कोंबडी हाती लागो न लागो, बक्षीस मिळालेलं असतं. म्हणून "पोटभर घातलं की करणार नाही" हा हिशेब चुकतो. भरल्या पोटाचं कुत्रंही तितक्याच हौसेनं पळतं. आणि म्हणूनच प्रत्येक पाठलाग हा एक धडा असतो, फक्त तो आपल्याला हव्या त्याच्या उलट दिशेचा. तुम्ही पंधरा दिवस शिकवलंत आणि सोळाव्या दिवशी दार उघडं राहून त्याला अंगणभर कोंबड्या पळवायला मिळाल्या, तर त्याच्या दृष्टीनं सोळावा दिवस सगळ्यात मोठा शिकवणीचा दिवस ठरतो.

आता कोंबडीच्या बाजूनं बघू. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कुत्र्यानं आपल्यावर नजर लावलीय हे ती फार लांबून ओळखते. धोक्याच्या तिच्या हाकाही वेगवेगळ्या असतात. घार वरून फिरली की बारीक, लांबट आवाज काढून सगळ्या जागच्या जागी थिजतात किंवा आडोशाला जातात. जमिनीवरून कुत्रं, मुंगूस, बोका आला की मात्र कट्-कट्-कटाक् असा मोठ्ठा कालवा सुरू होतो. त्यात फडफड, त्यात धावपळ. कुत्र्याचे डोळे रंगाला तसे मंदच. निळा-पिवळा त्याला कळतो, लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. पण हलणारी वस्तू टिपण्यात ते तरबेज असतात. म्हणजे हिरव्या गवतातला लाल तुरा त्याच्या डोळ्यात भरत नाही, भरते ती फडफड. कोंबडी घाबरते, म्हणून फडफडते. ती फडफडते, म्हणून कुत्रं पेटतं. ते पेटतं, म्हणून ती आणखी घाबरते. आपल्याला हे चक्र सुरू होण्याआधी थांबवायचं असतं. त्यासाठी कुत्र्याइतकंच कोंबड्यांनाही सवयीला वेळ द्यावा लागतो. कुत्रं रोज लांबून शांतपणे जाताना दिसलं की काही दिवसांत कोंबड्या मान वर करून बघतात आणि पुन्हा उकरायला लागतात. त्या शांत झाल्या की अर्धं काम हलकं होतं.

मारून का शिकत नाही

एक जुना उपाय सांगितला जातो: मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, ती कुजेपर्यंत तशीच ठेवायची, म्हणजे त्याला कोंबडीचा वीट येतो. कृपा करून हे करू नका. केलेली कृती आणि तिचं फळ यांची सांगड कुत्र्याला घालता येते ती एक-दोन सेकंदांच्या आतच. सकाळी मारलेल्या कोंबडीचा आणि दुपारी गळ्यात लोंबणाऱ्या ओझ्याचा संबंध त्याला लागत नाही. त्याला फक्त त्रास कळतो. आणि कुजलेल्या मांसाची किळस त्याला आपल्यासारखी नसते, हे उकिरड्यावर लोळणारं कुत्रं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको.

काठीनं मारण्याचंही तेच. कोंबडी मेलेली पाहून तुम्ही कुत्र्याला ओढत तिच्यापाशी नेलंत आणि मारलंत, तर तो शिकतो की मालक घरी आले की मार बसतो. प्रत्यक्ष पाठलाग चालू असताना मारलंत, तर तो शिकतो की मालक समोर असताना पळायचं नाही. तुम्ही शेतावर गेलात की परडं मोकळं. काही कुत्र्यांत याहून वाईट होतं: कोंबडी दिसली की अंगाला चटका बसतो एवढंच मनात ठसतं, आणि ती भीती पुढं रागाच्या रूपानं कोंबडीवरच निघते.

बांधून ठेवण्याबद्दलही दोन शब्द. कुत्र्याला कोंबड्यांच्या समोरच खांबाला बांधायचं, म्हणजे बघून बघून सवय होईल, असं पुष्कळांना वाटतं. ते आरामात पडून राहत असेल, डुलक्या घेत असेल, तर ठीक. पण दिवसभर साखळीला हिसके देत भुंकत असेल, तर त्याला सवय होत नसून त्याची तडफड साठत असते. ज्या दिवशी साखळी सुटेल त्या दिवशी ती सगळी बाहेर येईल. शिवाय प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधणं, तसंच कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे त्याच्या कलम ११ खाली गुन्ह्यात मोडतं.

आधी बंदोबस्त, मग शिकवण

शिकवायला काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. तेवढ्या काळात एकही पाठलाग होऊ नये, ही व्यवस्था शिकवण्याच्या आधी लावायची. सगळ्यात सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे वेळ वाटून देणं. दिवसा कोंबड्या परड्यात असताना कुत्रं सोप्यात, घरात किंवा पुढच्या अंगणात. तिन्हीसांजेला कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरतात. दार लावलं की परडं कुत्र्याचं. रात्री ते मोकळं असलं की रानमांजर, खानापूरच्या रानाकडं कोल्हा, यांच्यावरही वचक राहतो. कितीतरी घरांना एवढ्या वाटणीवरच कायमचं निभावता येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खुराड्याला बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली असेल तर ती कोंबड्यांना आत ठेवायला पुरते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. मध्यम आकाराचं कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. अर्ध्या इंची चौकोनाची, वेल्डिंग केलेली जस्ताची जाळी घ्या. खालच्या बाजूनं ती फूटभर जमिनीत पुरा, नाहीतर बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून वर जांभ्याचे चिरे मांडा. आपल्याकडं पावसाळ्यात जमीन इतकी भिजते की उकरायला कुत्र्याला काही मिनिटं पुरतात. खानापूर-जांबोटी भागात तर हे चिऱ्यांचं काम जूनच्या आधीच उरकलेलं बरं.

दुसरी तयारी घरातल्या माणसांची. आपल्या घरांत आजी "खाली बस" म्हणते, शाळेतली पोरं "सिट" म्हणतात, शेजारचे काका "कूतको" म्हणतात. कुत्र्याला भाषेचं काही वावडं नाही, पण एका कामाला एकच शब्द लागतो. "बस", "ये" आणि "सोड" हे तीन शब्द सगळ्यांनी मिळून ठरवा. कन्नडमधला "बिडु" जास्त तोंडात बसलेला असेल तर "सोड"ऐवजी तो घ्या, पण मग सगळ्यांनी तोच. हे तिन्ही शब्द कोंबड्या नजरेआड असताना, घरात, पक्के करायचे. "सोड" शिकवायला मूठ बंद करून आत खाऊ धरा. कुत्रं हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. ज्या क्षणी ते तोंड मागं घेईल, त्या क्षणी शब्द बोला आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ द्या. त्याला उमगायला हवं ते एवढंच की सोडलं की जास्त चांगलं मिळतं.

खाऊ रोजच्या भाकरीपेक्षा वरचढ हवा. उकडलेल्या अंड्याचे किंवा मांसाचे नखाएवढे तुकडे चालतात. त्यात मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, ते कुत्र्याला विषारी असतात. अंडं खायला दिल्यानं कुत्रं कोंबडीच्या अंगावर जातं असं नाही. खुराड्यातली कच्ची अंडी पळवण्याची खोड मात्र वेगळी. त्यावर इलाज म्हणजे अंडी सकाळ-संध्याकाळ उचलणं.

अंतर, क्रम आणि धीर

आता प्रत्यक्ष कोंबड्यांसमोर. कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घाला, म्हणजे झेपावलं तरी मानेला हिसका बसत नाही. त्याला बैलाचा सुती कासरा बांधा, पंधरा-वीस फुटांचा. नायलॉनचा नको, त्यानं हात कापतो. आणि तो हाताला गुंडाळू नका.

पहिला प्रश्न असा: किती लांबून? उत्तर कुत्रंच देतं. ज्या अंतरावरून त्याला कोंबड्या दिसतात, पण नाव घेतल्यावर ते वळतं आणि खाऊ खातं, तेवढं अंतर बरोबर. एखाद्याला वीस फूट पुरतात, एखाद्याला गल्लीच्या टोकाला उभं राहावं लागतं. अंड्याचा तुकडा नाकासमोर असून ते बघतही नसेल, तर तुम्ही फार जवळ आलात. मागं या. तिथं ओरडून किंवा ओढून काही साधत नाही, कारण त्या अवस्थेत ते ऐकत नाही असं नसून त्याला ऐकूच येत नसतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी कोंबडी दिसली पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवर केलेले प्रयोग शाळेत वाचलेले असतात. १९०४ चं नोबेल त्यांना पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, आणि पचनाच्या त्याच अभ्यासातून पुढं हे उमगत गेलं की अन्नाच्या आधी रोज एखादा इशारा मिळाला तर कुत्र्याला नुसत्या इशाऱ्यानंच लाळ सुटते. पण इशारा आधी आणि अन्न नंतर असेल तरच. इथं कोंबडी हा इशारा. कुत्र्यानं कोंबडीकडं पाहिलं, की "शाब्बास" म्हणून खाऊ. पुन्हा पाहिलं, पुन्हा खाऊ. तुम्ही आधीच खाऊ दाखवून त्याचं लक्ष वळवत राहिलात, तर ते खाऊकडं बघायला शिकेल, कोंबडीबद्दल काहीच शिकणार नाही.

काही दिवसांत एक सुंदर बदल दिसतो. कुत्रं कोंबडीकडं बघतं आणि लगेच स्वतःहून वळून तुमच्या तोंडाकडं बघतं: पाहिली मी, दे आता. ही वळलेली मान म्हणजेच सगळं शिक्षण. नजर खिळण्याची पहिली कडी तिथं सुटते, आणि पहिली सुटली की पुढच्या लागत नाहीत. तो क्षण आला की मी तरी हातात असेल नसेल तेवढा खाऊ देऊन टाकतो. मग दोन-तीन पावलं पुढं सरका. पाच मिनिटांच्यावर ताणू नका. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, आणि जमलेलं असतानाच थांबा.

अंतरासारखीच हालचाल ही वेगळी पायरी आहे, हे विसरलं जातं. खुराड्यात बसलेली कोंबडी सोपी. मोकळी दाणे टिपणारी त्याहून अवघड. पळणारी फारच अवघड. दोन कोंबडे झुंजायला लागले की सगळ्यात अवघड. एक गोष्ट अवघड केलीत की दुसरी सोपी करा. बसलेल्या कोंबड्यांजवळ दहा फुटांपर्यंत पोचलेलं कुत्रं मोकळ्या कोंबड्यांसमोर पुन्हा चाळीस फुटांवरून सुरू करायला हवं. दाणे टाकायची वेळ, जेव्हा सगळ्या धावत येतात, ती शेवटी ठेवा.

या सगळ्यात कुत्र्याचं अंग वाचता यायला हवं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, ही समजूत इथं घात करते. शेपूट ताठ उभी, थरथरल्यासारखी हलणारी, तोंड मिटलेलं, कान पुढं, पाय रोवलेले, पापणी न लवणारी नजर, एखादा पंजा उचललेला. ही झेप घेण्याआधीची चिन्हं. लगेच वळून बाजूला चालू लागा, न बोलता, न रागावता. उलट तोंड सैल उघडं, जीभ बाहेर, जमीन हुंगणं, इकडं-तिकडं बघणं, अंग झटकणं, आळस देणं, खाली बसून पाय पसरणं, ही मन निवल्याची चिन्हं. अंग झटकताना दिसलं की मला नेहमी बरं वाटतं, आतला ताण उतरल्याची ती खूण असते.

कासरा हातातून सोडून नुसता जमिनीवर लोळू देण्याची पायरी त्यानंतर येते. गरज पडली तर त्यावर पाय देता येतो. कासरा काढण्याची घाई कधीच करू नका. अनेक आठवडे एकही झेप नाही, कोंबडी शेजारून पळाली तरी हाकेला वळतं, असं झाल्यावर मगच, आणि तेही तुम्ही तिथं असताना.

पिल्लू आणलं असेल तर

पिल्लाचं वय साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतं, तेव्हा त्याच्या मनात जग कुणाकुणाचं आहे याचा नकाशा बनत असतो. या काळात जे जनावर शांतपणे, रोज भेटतं, ते पुढं आयुष्यभर घरचं वाटतं. अथणी-रायबाग-चिकोडीकडच्या धनगर आणि कुरुबर मेंढपाळांच्या तळावर हे बघायला मिळतं. पिल्लू कळपातच जन्मतं, मेंढ्यांच्या वासात निजतं, आणि मोठं झाल्यावर कोकरांना हातही लावत नाही. तुमचं पिल्लू या वयाचं असेल तर ही संधी वाया घालवू नका. रोज थोडा वेळ, जाळीपलीकडून, कोंबड्या दाखवा.

पण पिल्लाचा खेळ हाही कोंबडीला जीवघेणा असतो. त्याला मारायचं नसतं, भावंडाबरोबर खेळतं तसंच ते चावतं-ओढतं. पण महिन्याभराच्या कोंबडीच्या पिल्लाला तेवढं सोसत नाही. म्हणून एकटं कधी सोडायचं नाही. आणि सहा महिने ते दीड वर्ष या वयात शहाणं झालेलं कुत्रंही अचानक ऐकेनासं होतं. ते वयाचं असतं. कासरा परत बांधा, दोन पायऱ्या मागं जा, ते पुन्हा रुळावर येतं.

मुधोळ आणि त्याच्यासारखी

आपल्या भागात हे वेगळं सांगायला हवं. मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचं गाव. तिथले राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांची पैदास जोपासली. कारवान या नावानंही ती ओळखली जातात. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, सैन्यानंही त्याची कामासाठी चाचपणी केली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र आहे. आपल्याला अभिमान वाटावा असंच हे जनावर.

पण तो वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा आहे. पळणारी वस्तू दिसली की त्याच्या अंगातली धावण्याची कडी इतकी पक्की लागते की हाक कानावर पडेपर्यंत ते शंभर पावलं पुढं गेलेलं असतं. मुधोळला बसलेल्या कोंबड्यांशेजारी शांत बसायला शिकवता येतं. पळणाऱ्या कोंबडीसमोर मोकळं सोडण्याची हमी मात्र मी देणार नाही, आणि कुणी दिली तर तुम्ही घेऊ नका. त्याच्यासाठी मजबूत जाळी आणि वेळेची वाटणी हाच कायमचा मार्ग, शिवाय रोज मोकळ्या माळावर भरपूर धाव. कुठल्याही जातीचं कुत्रं असो, नीट शिकवूनही महिनोन् महिने त्याची नजर सुटत नसेल, तर त्याच्याशीही असंच वागा. हा त्याचा गुन्हा नव्हे.

कुत्री दोन असतील तर प्रत्येकाला आधी वेगवेगळं शिकवा. एकेकटी शहाणी असलेली दोन कुत्री एकत्र आली की एकाच्या धावण्यानं दुसरं सुटतं. गल्लीतली मोकाट कुत्री परड्यात शिरत असतील तर तिथं शिकवण्याचा प्रश्नच नाही, तिथं फक्त कुंपण कामाचं.

पकडलीच तर

कुत्र्याच्या तोंडात कोंबडी असेल तर त्याच्यामागं पळू नका, आणि कोंबडी ओढू नका. पळालात तर त्याला खेळ वाटतो, ओढलीत तर दात आणखी रुततात. घरात शिकवलेला "सोड" इथं उपयोगी पडतो, सोबत हातातला चांगला खाऊ. तेही जमलं नाही तर बादलीभर पाणी अंगावर टाकणं बरं.

सुटलेली कोंबडी निपचित पडली म्हणजे ती मेलीच असं समजू नका. पकडलं गेलं की कोंबडीचं अंग काही वेळ आखडून निश्चल होतं. ही तिची उपजत बचावाची रीत आहे. युरोपातल्या किर्चर नावाच्या विद्वानानं १६४६ मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तिला अलगद उचला, अंधाऱ्या, उबदार जागी डालग्याखाली ठेवा, आणि काही वेळानं पिसं बाजूला सारून अंग नीट तपासा. दाताची भोकं बारीक असतात, पिसांखाली दिसत नाहीत, पण कुत्र्याच्या तोंडातले जंतू आत गेलेले असतात. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि पशुवैद्यांना दाखवा. जगली तरी धक्क्यानं काही दिवस अंडी थांबतात.

आरोग्याची थोडी काळजी दोघांच्या सहवासातूनच येते. कोंबडीची विष्ठा खाल्ल्यानं कुत्र्याला साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, आणि त्याच्याकडून घरातल्या लहानग्यांना. ब्रॉयलरच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती रोगापासून वाचवतात, पण कुत्र्यानं ते खाद्य बकाबका खाल्लं तर मागचे पाय लुळे पडण्यापर्यंत वेळ येते. खाद्याचं पिंप झाकणाचं हवं. खुराड्याभोवती उंदरांसाठी विष टाकू नका, ते कुत्रं आणि कोंबडी दोघांच्याही पोटात जाऊ शकतं. रोगानं मेलेली कोंबडी कुत्र्यापुढं टाकायची नाही, खोल पुरायची. आणि कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस.

मोठ्या कोंबड्यांशी जमलेल्या कुत्र्याला पिल्लं हे नवंच जनावर असतं. इवलीशी, चिवचिवणारी, इकडून तिकडं पळणारी. खुडूक कोंबडी रवणीला बसवली असेल तर एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे तुमच्या हाताशी तीन आठवडे आहेत. तेवढ्यात कासऱ्यावरचा सराव पुन्हा सुरू करा. पहिले काही आठवडे पिल्लं आणि त्यांची आई डालग्याखाली किंवा जाळीत. नव्या तलंगा आणल्या तरी तसंच. गणपतीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, फटाके वाजतात, मागचं दार सताड उघडं राहतं आणि कुत्रं आधीच बिथरलेलं असतं. त्या आठवड्यात शिकवणीवर विसंबू नका. वेळेच्या वाटणीवर परत या, आणि परड्याच्या दाराची कडी लावण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडं द्या.